व्होल्टेज आणि करंटवरून रोध व शक्ती काढणे

एखाद्या विद्युत उपकरणावर किती व्होल्ट दाब (व्होल्टेज) आहे आणि त्यातून किती अँपिअर धारा (करंट) वाहते, हे कळले की त्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) आणि ते खात असलेली शक्ती दोन्ही काढता येतात. दाबाला धारेने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे वॉटमधली शक्ती. पहिला संबंध जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. या दोहोंतून आणखी दोन सूत्रे निघतात: शक्ती = धारा × धारा × रोध, आणि शक्ती = दाब × दाब ÷ रोध.

ठाणे-नवी मुंबईत घरगुती सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ऐरोलीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये २००० वॉटचा गीझर आहे असे धरू. २००० ला २३० ने भागले की ८.७ अँपिअर, २३० ला ८.७ ने भागले की सुमारे २६.४ ओहम. वीज बंद करून कॉइलची दोन टोके मल्टिमीटरने तपासली तर २६ च्या आसपासच आकडा यायला हवा. मीटरवर आकडा न येता नुसते ‘ओएल’ आले, म्हणजे रोध मोजता न येण्याइतका मोठा असला, तर कॉइल तुटली आहे. पुरवठ्याचा दाब २०० व्होल्टवर उतरला तर हाच गीझर १५१२ वॉटच देतो. दाब १३ टक्के घटला, शक्ती मात्र २४ टक्के. पाणी तापायला उशीर लागतो तो यामुळे, गीझर बिघडलेला नसतो. बिलातही फारसा फरक पडत नाही, कारण तेवढेच पाणी तापवायला उष्णता तेवढीच लागते.

शाळेत भर असतो तो भागाकार-गुणाकारावर; घराच्या सुरक्षिततेसाठी खरे महत्त्व धारेच्या वर्गाला आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या काळवंडतात, सैल होतात. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला असे समजा. एकूण रोध २६.९ ओहम, धारा ८.५ अँपिअर. त्या अर्ध्या ओहममध्ये ८.५ × ८.५ × ०.५, म्हणजे सुमारे ३६ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न बरेचदा २५ वॉटचेच असते. इथे त्याहून जास्त उष्णता पिनेच्या टोकाशी, प्लॅस्टिकच्या आत कोंडलेली. एमसीबी (धारा मर्यादेबाहेर गेली की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण धारा वाढलेली नसून उलट किंचित कमी झाली आहे. म्हणून प्लग हाताला गरम लागला किंवा त्याभोवती पिवळट डाग दिसला की सॉकेट बदलून घ्यावे, एमसीबीच्या भरवशावर राहू नये.

हाच हिशेब रुळांवर फार मोठ्या प्रमाणात दिसतो. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेवर) धावली आणि मध्य रेल्वेच्या लोकल पुढे अनेक दशके त्याच दाबावर चालल्या. मुख्य मार्गाचे २५,००० व्होल्ट एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या धारेवर) रूपांतर २०१५ मध्ये, तर हार्बरचे २०१६ मध्ये पूर्ण झाले. गाडीला ३० लाख वॉट हवे असतील तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टला फक्त १२०. धारा सुमारे सतराव्या हिश्शावर येते आणि त्याच रोधाच्या तारेतला उष्णताव्यय जवळपास पावणेतीनशे पटींनी घटतो. (पॉवर फॅक्टर, म्हणजे दाब-धारेच्या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा हिस्सा, इथे १ धरला आहे.)

हा पॉवर फॅक्टर मोटरीच्या बाबतीत सोडून चालत नाही. एसीमध्ये मोटरची धारा दाबाच्या मागे रेंगाळते, त्यामुळे साध्या गुणाकारातून वॉट नव्हे तर व्होल्ट-अँपिअर मिळतात. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर २० अँपिअर घेत असेल तर १.७३२ (हा थ्री फेजचा गुणक) × ४१५ × २० म्हणजे सुमारे १४.४ केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर), पॉवर फॅक्टर ०.८ असल्यास खरी शक्ती ११.५ किलोवॉट. पॅनेलमध्ये कपॅसिटर बसवतात ते ही तफावत भरून काढायला.

भागाकाराने मिळणारा रोध हा त्या क्षणाचा, त्या तापमानाचा असतो. तारेच्या जुन्या १०० वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम भरतो. थंड असताना मोजला तर त्याचा दहावा हिस्साही नसतो. रोध कमी म्हणून पहिल्या क्षणी धारा कितीतरी जास्त वाहते; बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच का जात, हे यावरून समजते. एलईडी दिव्याला तर ओहमचा नियम सरळ लागूच होत नाही.

मोजताना व्होल्टेज उपकरण चालू असताना, लोडवर घ्यावे. करंटसाठी क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या वायरभोवती अडकवावा. फेज-न्यूट्रल एकत्र असलेल्या अख्ख्या केबलभोवती धरला तर उलट दिशांच्या दोन्ही धारांचा परिणाम एकमेकींना रद्द करतो आणि मीटर शून्य दाखवतो. ओहमच्या रेंजवरचा मल्टिमीटर मात्र चालू लाइनला कधीही लावू नये, आणि कॉइलचे एक टोक सोडवूनच रोध मोजावा, नाहीतर शेजारच्या सर्किटचा रोधही त्यात मिसळतो.