अंथरुणातले दहा दिवस आणि मांडीचा स्नायू

ताप उतरतो, भूक परत येते, पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. साठी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. आजार काहीच नव्हता, तरी पायांचे चरबीविरहित वजन सुमारे एक किलोने घटले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद जवळपास 16 टक्क्यांनी उतरली.

स्नायूतली प्रथिने रोज मोडतात आणि रोज नव्याने बांधली जातात. स्नायूवरचा भार थांबला की ही बांधणी मंदावते. उतारवयात अन्नातल्या प्रथिनांना स्नायू आधीच कमी दाद देतात, त्यामुळे नुसत्या पौष्टिक खाण्याने घट थांबत नाही. मांडीचा पुढचा भाग, नितंब आणि पोटरी हे शरीर तोलून धरणारे स्नायू सर्वांत आधी झिजतात.

‘हिंडूफिरू लागलो की येईल भरून’ हा समज इथेच नडतो. चालणे हृदयाला उत्तम, पण सपाटीवरच्या संथ चालण्यात मांडीवर पुरेसा भार येत नाही. ठेच लागल्यावर तोल सावरणारे, स्नायूतले झटकन आकुंचन पावणारे जलद तंतू त्यात फारसे जागेच होत नाहीत. म्हणून भाराचा व्यायाम हवा, आणि तो विश्रांतीच्या दिवसांतच हवा.

अंथरुणात असताना पाय लांब करून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबावी, पाच सेकंद धरावी, सोडावी. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून तीनदा. हाड मोडले असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बसता येऊ लागले की खरा व्यायाम खुर्चीचा. सुमारे 45 सेंटिमीटर उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पुढे सरकून बसावे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकून उठावे. बसताना मनात तीन आकडे मोजावेत. बहुतेकांची चूक इथेच होते: ते धपकन बसतात. खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. तो अर्धा व्यायाम मग वायाच जातो. गुडघे आत वळू देऊ नयेत. श्वास कोंडू नये, रक्तदाब वाढतो. उठताना श्वास सोडावा.

आठ ते बारा वेळा, मध्ये दोन मिनिटे विसावा, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा सहज जमल्या तर छातीशी दोन किलोची पिशवी धरावी. अजिबात उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि आठवड्यागणिक कमी करावी. पोटऱ्यांसाठी ओट्याला धरून टाचा उचलाव्यात.

जेवणात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने, तिन्ही वेळांत विभागून. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.

प्रगती घड्याळ लावून मोजता येते. हात छातीवर दुमडून सलग पाच वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर वयोमानानुसार होणारी स्नायूंची झीज ओळखण्याच्या 2019 च्या आशियाई निकषांनुसार शारीरिक क्षमता कमी पडते आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच खुर्चीवर हा वेळ मोजून लिहून ठेवावा.