पट्टी बदलली की सूर उतरला?

दर गुरुवारी ठाण्यातल्या चरईत आमचं भजन असतं. मध्ये चहा होतो आणि चहाबरोबर गप्पा कुठेही जातात. मागच्या गुरुवारी तबलजी म्हणाले, "दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातल्या वर्णरेषा, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या तरंगलांबीच्या खुणा, सरकलेल्या दिसतात म्हणे. म्हणजे तेव्हा अणूंचे नियमच वेगळे होते की काय?" मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि आता पेटी वाजवतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच पानात पडतात.

घोळ 'सरकणं' या शब्दाचा आहे. त्यात दोन निराळ्या गोष्टी दडल्यात. एक ताम्रसृती, म्हणजे सगळ्या रेषांचं लाल रंगाकडे सरकणं, जी प्रत्येक दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटात दिसते. दुसरी म्हणजे निसर्गाच्या स्थिरांकातच झालेला बदल. तो आजवर कुणालाही खात्रीने दिसलेला नाही.

मी उत्तर पेटीवरच दिलं. माझी पेटी स्केल चेंजर. काळी दोनमधलं भजन काळी एकमध्ये उतरवायचं तर पट्ट्यांची सगळी रांग सरकवायची, बोटं होती तिथेच. सा खाली आला, गंधार आला, पंचमही त्याच प्रमाणात आला. सा आणि प यांचं नातं जसंच्या तसं, ऐकणाऱ्याला अभंग तोच. आता दुसरा प्रकार. पट्टी हलवलीच नाही, पण पावसाळ्यात धैवताच्या सुरावर मळ बसला आणि तेवढा एकच उतरला. इथे नातं बिघडलं.

ताम्रसृती म्हणजे पट्टी बदलणं. विश्व प्रसरण पावतं आणि वाटेतल्या प्रकाशाची तरंगलांबी सगळीकडे सारख्याच पटीने ताणली जाते. एक खरं उदाहरण बघा. मॅग्नेशियमची एक रेषा प्रयोगशाळेत 279.64 नॅनोमीटरवर पडते, लोहाची एक 238.28 वर. दोहोंचं गुणोत्तर 1.1736. एका दूरच्या क्वेसारच्या (दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) वाटेतल्या वायुढगाची ताम्रसृती 1.15 आहे, म्हणजे मूळ लांबीत तिच्या 1.15 पट भर पडून सगळ्या तरंगलांबी 2.15 पट होतात. तिथून आलेल्या त्याच रेषा 601.23 आणि 512.30 वर सापडतात. भागाकार करा: पुन्हा 1.1736. हा प्रकाश त्या ढगातून आठशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघाला. अतिनील रेषा दृश्य प्रकाशात येऊन बसल्या, तरी सुरावट मोडली नाही.

आता धैवत. अणूत विद्युतचुंबकीय बल किती जोरकस आहे ते सांगणारा एक आकडा आहे, सूक्ष्म संरचना स्थिरांक, लाडाने अल्फा. सोमरफेल्डने तो 1916 मध्ये मांडला. त्याची किंमत सुमारे 1 भागिले 137.036. तो पूर्वी वेगळा असता तर रेषा सरकल्या असत्या, पण साऱ्या सारख्या नव्हे. जड अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग इतका वाढतो की सापेक्षतेचा परिणाम दिसू लागतो, आणि त्या परिणामाचं माप अल्फाच्या हातात असतं. मॅग्नेशियम हलकं, त्याच्या रेषा जवळजवळ जागच्या हलत नाहीत. लोह जड, त्याच्या रेषा चांगल्याच हलतात, आणि 160.8 नॅनोमीटरजवळची एक तर भलतीच, उलट्या दिशेला. कोणता सूर चढेल, कोणता उतरेल, कोणता जागेवर राहील, हे आधीच गणिताने काढता येतं. झुबा, फ्लॅमबॉम आणि वेब या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा ताडून पाहायची हीच युक्ती वापरली. त्याआधी एकाच मूलद्रव्याच्या जोडरेषांमधलं अंतर मोजत. त्यात अचूकता बरीच कमी.

पट्टी आणि सूर यांच्या मापातला फरक मात्र प्रचंड आहे. अल्फा लाखात एका भागाने बदलला, तर लोहाची 238.28 वरची रेषा मॅग्नेशियमच्या मानाने दहा लाखांत एका भागाहूनही कमी सरकेल. वेगाच्या भाषेत सेकंदाला साधारण 200 मीटर. ज्या रेषेची स्वतःची रुंदी सेकंदाला काही किलोमीटर असते, तिच्यात हे शोधायचं. तबलजींना मी म्हटलं, पट्टी बदललेली बहिऱ्यालाही कळेल, पण हा सूर ओळखायला फार तयार कान लागतो.

कान तयार असला तरी भांडण टळलं नाही. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या नोंदींवरून वेब आणि मर्फी यांच्या गटाने सांगितलं की पूर्वी अल्फा लाखात अर्ध्या भागाच्या आसपास कमी होता. 2004 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून बदल दिसत नसल्याचं सांगितलं. त्यांच्या विश्लेषणावरही मर्फींच्या गटाने बोट ठेवलं. पुढे वेब यांच्या गटाने दोन्ही दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करून म्हटलं, एका दिशेला अल्फा कमी, विरुद्ध दिशेला जास्त. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. एक दुर्बीण एका गोलार्धात, दुसरी दुसऱ्या. दोन पेट्या दोन गावांत वाजवून राग बदलला म्हणण्यासारखं वाटलं.

धैवत लावायला मी ठाणे स्टेशनजवळच्या एका कारागिराकडे जातो. सूर चढवायचा तर पितळी पातीचं टोक हलकेच घासायचं, उतरवायचा तर मुळाशी. पण कानस उचलण्याआधी त्याने नादकाटा वाजवून मोबाइलजवळ धरला. अ‍ॅप खरं बोलतंय ना, ते आधी पाहिलं. दुर्बिणींच्या बाबतीत हेच उशिरा झालं. वर्णपट मोजायची पट्टी थोरियम-आर्गॉनच्या दिव्यावरून आखतात, पण दिव्याचा प्रकाश आणि क्वेसारचा प्रकाश उपकरणातून तंतोतंत एकाच वाटेने जात नाहीत. 2015 मध्ये व्हिटमोर आणि मर्फी यांनी लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आणि सूर्यासारख्या ताऱ्यांचा प्रकाश नादकाट्यासारखा वापरला. दोन्ही दुर्बिणींची मोजमापं लांब पल्ल्यावर वाकडी निघाली, आणि तो वाकडेपणा तथाकथित बदलाचा बराचसा भाग भरून काढण्याएवढा होता. ताम्रसृतीला अशा वाकडेपणाने काही फरक पडत नाही. अल्फाचा दावा मात्र त्यात विरघळून जातो.

नंतर व्हीएलटीवर एस्प्रेसो हा वर्णपटमापक आला, पट्टी आखायला लेझरच्या समान अंतरावरच्या रेषांच्या कंगव्यासह. वरच्याच ताम्रसृतीच्या ढगाचा त्याने घेतलेला निकाल 2022 मध्ये आला: दहा लाखांत सुमारे 1.3 भाग इतक्या त्रुटीच्या आत बदल नाही. गॅबनमधल्या ओक्लो इथल्या, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीत आपोआप पेटलेल्या अणुभट्टीतलं समेरियम हे मूलद्रव्यही तसंच सांगतं. आजच्या अणुघड्याळांनाही वर्षाकाठी दहाच्या उणे अठराव्या घाताइतकाही बदल आढळत नाही.

"बरं, अल्फा राहू दे," तबलजी म्हणाले. "प्रकाशाचा वेगच बदलला असेल तर?" हाही जुनाच घोळ. 1983 पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून करतात, त्यामुळे सेकंदाला 29,97,92,458 मीटर हा आकडा बदलूच शकत नाही. सा बदलला म्हणालात तर कशाच्या मानाने, ते सांगावं लागतं. अल्फाला मीटर नाही, सेकंद नाही, किलो नाही, तो नुसता आकडा. म्हणून तपासणी त्याची.

"म्हणजे तुमच्या 137ला पट्टीच नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवून हातोडी उचलली. पुढचा अभंग काळी दोनमध्ये होता.