अंगात ताप नाही, रक्तात मात्र हिवताप

पावसाळा सरत आला की पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया देशातल्या खेड्यात शेतात राबणाऱ्या एखाद्या धडधाकट माणसाच्या बोटाला सुई टोचावी आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. तांबड्या पेशींत हिवतापाचे परजीवी दिसू शकतात, तेही प्लास्मोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचे. माणसाला ना हुडहुडी, ना डोकेदुखी. पण हाच परजीवी त्याच्या तीन वर्षांच्या लेकराला दोन-तीन दिवसांत बेशुद्ध करू शकतो.

क्षयाचा जिवाणू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांना हा फरक 1899-1900 च्या सुमारास जावा आणि न्यू गिनीत दिसला होता. मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर, मोठ्यांच्या रक्तात नावापुरते. परजीवीला आटोक्यात ठेवण्याची मोठ्यांची ही ताकद नेमकी कशात आहे, याचा भक्कम पुरावा यायला मात्र 1961 साल उजाडलं. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी गाम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) अंश, वेगळा काढला आणि हिवतापाने आजारी मुलांना टोचला. थोड्याच दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले आणि ताप उतरला. ब्रिटनमधल्या लोकांच्या रक्तातून काढलेल्या अंशाचा असा काही परिणाम झाला नाही. मला हा प्रयोग हिवतापाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

मग ही प्रतिपिंडे तयार व्हायला एवढी वर्षं का लागतात? कारण परजीवी पक्का बहुरूपी आहे. तांबड्या पेशीत शिरला की तो तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन आणून बसवतो. त्याच्या जोरावर पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेत गाळली जाण्यापासून वाचते. या प्रथिनाचे सुमारे 60 नमुने एकेका परजीवीच्या जनुकांत असतात. शरीराने एक ओळखला की तो दुसरा पुढे करतो, शिवाय दुसऱ्या डासातून आलेल्या परजीवीचा संच वेगळाच. जिवावर बेतणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण तुलनेने लवकर, काही थोड्या लागणींनंतर मिळतं. साध्या तापापासूनचं मिळायला अख्खं बालपण जातं. संसर्ग पूर्णपणे रोखणारी प्रतिकारशक्ती तर जवळजवळ कुणालाच येत नाही. वयाचाही यात हात असावा. जावातून इंडोनेशियाच्या पापुआ भागात वसायला गेलेल्या कुटुंबांत, सगळ्यांना डास सारखेच चावत असताना, मोठ्यांना एक-दोन वर्षांतच मुलांपेक्षा चांगलं संरक्षण मिळाल्याचं आढळलं.

बाई पहिल्यांदा गरोदर राहते तेव्हा या प्रतिकारशक्तीची मर्यादा उघडी पडते. लहानपणापासून हिवताप पचवलेली बाई पुन्हा आजाराच्या तावडीत सापडते. वार, म्हणजे गर्भाला पोसणारा प्लासेंटा, हा तिच्या शरीरातला नवा अवयव असतो. परजीवी तिथल्या एका शर्करायुक्त रेणूला चिकटतो आणि त्यासाठी प्रथिनाचा एक खास नमुना वापरतो. तिच्या शरीराने तो पूर्वी कधी पाहिलेला नसतो. परजीवीग्रस्त पेशी वारेत साचतात, आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. पुढच्या बाळंतपणांपर्यंत या नमुन्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि धोका कमी होत जातो.

हे कवच टिकवायला वारंवार संसर्ग लागतो. युरोपात बरीच वर्षं राहून आफ्रिकेतल्या गावी सुट्टीला जाणारे लोक ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून हिवताप टाळायच्या गोळ्या घेत नाहीत आणि तापाने आजारी पडतात.

निरोगी दिसणाऱ्या प्रौढांच्या रक्तातून डास परजीवी उचलत राहतात, म्हणून फक्त तापाचे रुग्ण तपासून हिवताप हटत नाही. आणि प्रौढांच्या या कवचाची किंमत लहान मुलं मोजतात. 2023 साली जगात हिवतापाने सुमारे 6 लाख माणसं गेली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं होती. या मुलांना बालपणभर आजार सोसायला न लावता संरक्षण देता येईल का, याचं एक उत्तर आज पुण्यात तयार होतंय. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर21 लस सीरम इन्स्टिट्यूट बनवते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. तिचं काम प्रौढांच्या प्रतिपिंडांहून वेगळं आहे. परजीवी तांबड्या पेशींत शिरण्याआधी, डासाच्या चाव्यातून यकृताकडे निघालेला असतानाच ती त्याला अडवते. पहिला डोस साधारण पाचव्या महिन्यापासून देतात. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे तोवर ओसरत आलेली असतात.