सॉरोपॉडच्या पाऊलखुणा: हाडांनी न सांगितलेली चाल

नाशिकची पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत तो थिजलेला लाव्हा आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर डायनासोरचं पाऊल शोधण्यात अर्थ नाही. पाऊल उमटायला ओला गाळ लागतो, तो जरा सुकावा लागतो आणि मग नव्या गाळाखाली अलगद झाकला जावा लागतो. नदीच्या खडकातले खोल, गोल खड्डे बघून कुणाला ती राक्षसाची पावलं वाटतात. ते पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे असतात.

लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची, म्हणजे सॉरोपॉडची, हाडं एकोणिसाव्या शतकापासून मिळत होती. त्यांवरून आकार कळला, चाल मात्र चुकली. एवढं वजन जमिनीवर पेलणार नाही, तेव्हा हे प्राणी दलदलीत अर्धे तरंगत जगत असावेत, असं बरेच तज्ज्ञ मानत. जुन्या चित्रांत ते शेपूट ओढत चालतात.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी जीवाश्म गोळा करणारे रोलंड बर्ड टेक्सासमधल्या ग्लेन रोझला पोचले. त्यांना तिकडे नेलं ते दुकानात विकायला ठेवलेल्या, माणसाच्या म्हणून कोरलेल्या नकली पावलांनी! खरा ऐवज पालक्सी नदीच्या पात्रात होता: मागच्या पायाचे मोठे लांबट ठसे, पुढच्या पायाचे घोड्याच्या नालासारखे, आणि शेजारून गेलेल्या मांसाहारी डायनासोरचा तीन बोटांचा माग. शेपूट घासल्याची खूण मात्र जवळपास नव्हतीच. १९४० मध्ये हा माग कापून काढला. एक भाग न्यूयॉर्कला गेला, दुसरा ऑस्टिनला.

तरी दलदलीची कल्पना लगेच सुटली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी जवळजवळ पुढच्याच पायांचे ठसे मिळाले, तेव्हा खुद्द बर्ड यांनी प्राणी पोहत असल्याचा अर्थ लावला. पुढचे पाय जास्त रुतले, म्हणून त्यांचाच दाब खालच्या थरापर्यंत पोचला, हे स्पष्टीकरण बऱ्याच वर्षांनी आलं. मला ते जास्त पटतं. १९७६ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी ठशाची लांबी आणि एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतलं अंतर यांवरून वेग काढायची रीत दिली. ठशाची लांबी गुणिले चार म्हणजे साधारण कमरेची उंची, हा तिचा पाया.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुरा आणि डोंगरगावला, लाव्हा पसरण्याआधीच्या गाळखडकांत टायटॅनोसॉर या सॉरोपॉडांची हाडं मिळाली आहेत. डाव्या-उजव्या पावलांत बरीच फट असलेले रुंद माग जगात इतरत्र आढळतात, ते बहुधा याच कुळाचे मानले जातात.