डीप-सायकल बॅटरीचे चार्जिंग : अँपिअर किती, व्होल्ट किती?

इन्व्हर्टरची किंवा सौर यंत्रणेची डीप-सायकल (खोलवर वापरून पुन्हा पुन्हा भरायची) बॅटरी घेताना बहुतेक जण ‘चार्जर किती अँपिअरचा लावू?’ एवढेच विचारतात. प्रश्न योग्य आहे, पण बॅटरीचे आयुष्य त्याहूनही अधिक अवलंबून असते ते चार्जर कोणत्या व्होल्टेजला थांबतो आणि तिथे किती वेळ टिकून राहतो यावर.

शिसे-आम्ल बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात आणि चार्जिंगमध्ये ते पुन्हा विरघळतात. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली, तर हेच स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात व बॅटरीची क्षमता कायमची घटते.

पाणी भरायच्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) शिसे-आम्ल बॅटरीसाठी सर्वसाधारण चार्जिंग करंट क्षमतेच्या एक दशांश धरतात, म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला १५ अँपिअर. करंट फार वाढवला तर बॅटरी तापते, पाणी लवकर आटते आणि प्लेटांमधील क्रियाशील द्रव्य सैल होऊ लागते. उलट, निम्मी रिकामी झालेली हीच बॅटरी सौर पॅनेलवरून ५ अँपिअरने भरायची म्हटले, तर दिवसभराचे ऊन पुरत नाही.

१२ व्होल्टच्या अशा बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १४.४ पर्यंत चढले की पहिला टप्पा संपतो. पडद्यावर हा आकडा दिसताच बॅटरी भरली असे समजून चार्जिंग बंद करणे ही फार महागात पडणारी चूक आहे, कारण तेव्हा ती साधारण ८० टक्केच भरलेली असते. पुढचे काही तास व्होल्टेज तेवढेच ठेवायचे असते. करंट आपोआप उतरत जातो आणि तो २-३ अँपिअरवर स्थिरावला की चार्जरने सुमारे १३.५ व्होल्टच्या ‘फ्लोट’वर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवण्यापुरत्या कमी व्होल्टेजवर, यावे.

१४.४ व्होल्टच्या आसपास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. ते आम्ल ढवळतात, म्हणून ट्युब्युलर बॅटरीला काही प्रमाणात उपयोगीच ठरतात. कमी झालेले पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढता येते, मात्र खोली हवेशीर हवी. आम्ल जेलच्या रूपात असलेल्या जेल बॅटरीत हेच बुडबुडे जेलमध्ये पोकळ्या करतात आणि त्या भरून येत नाहीत, त्यामुळे तिची मर्यादा १४.१ ते १४.२ व्होल्टच्या आसपास असते. चार्जरवरचे बॅटरीचा प्रकार निवडणारे बटण चुकीच्या जागी राहिले, तर चांगली बॅटरीही वाया जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे गणित वेगळे आहे. तिला शिसे-आम्लाची सेटिंग लावू नये आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

हे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान प्रत्येक अंशाने वाढले की १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण ०.०२४ व्होल्ट कमी करावे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांना १४.४ ऐवजी सुमारे १३.९ व्होल्ट पुरेसे होतात, तर हिवाळ्यात पहाटे १० अंशांना जवळपास १४.८ लागतात. म्हणूनच तापमानाचा सेन्सर चार्जरजवळ लोंबकळत न ठेवता बॅटरीच्या अंगाला चिकटवावा.

बॅटरी खरोखर भरली का, हे ट्युब्युलरमध्ये हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे साधन) सांगतो. सहाही सेलांमधील आम्लाची घनता कंपनीने दिलेल्या आकड्याला, बऱ्याच बॅटऱ्यांत सुमारे १.२४० ला, पोहोचली आणि तासातासाने घेतलेल्या तीन नोंदींत ती बदलली नाही, तर चार्जिंग पूर्ण झाले. एखादाच सेल ०.०३० ने मागे असेल, तर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणणारा जादा चार्ज, द्यावा.