मृत्युपत्र आणि हयातीतील तजवीज (ठाणे व नवी मुंबई)

आपल्या पश्चात मालमत्ता कोणाकडे जावी आणि आपण भानावर नसताना उपचारांचे निर्णय कोणी घ्यावेत, हे धडधाकट असतानाच कागदावर नोंदवून ठेवण्याची व्यवस्था. मृत्युपत्र, नामनिर्देशन, मुखत्यारपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र म्हणजेच लिव्हिंग विल हे तिचे मुख्य कागद. प्रत्येकाचा अंमल वेगळ्या वेळी सुरू होतो आणि संपतो. वारसांमधली बरीच भांडणे हे ठाऊक नसल्यामुळेच लागतात.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी पुढे सहीवरून वाद होऊ नये म्हणून अनेक जण ती दुय्यम निबंधकाकडे करून घेतात, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत डॉक्टरांचा दाखलाही जोडतात. शेजारच्या मुंबईत प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र खरे असल्याचे प्रमाणित करून घेण्याची, सक्ती होती तेव्हाही ठाण्यात केलेल्या आणि इथल्याच घराजमिनीपुरत्या मृत्युपत्राला ती लागू नव्हती. कारण हा भाग मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राबाहेर येतो. मुस्लिम कायद्यात मात्र इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

‘सोसायटीत नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही’ हा ठाण्यातल्या गृहसंकुलांत पक्का बसलेला समज. नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो केवळ तात्पुरता सभासद ठरतो. फ्लॅटवरचा हक्क मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. जमीन सिडकोची, घरे बहुधा भाडेपट्ट्यावरची; त्यामुळे वारसाचे नाव सोसायटीबरोबर सिडकोच्या दप्तरीही चढवावे लागते. प्रकल्पग्रस्त आगरी-कोळी कुटुंबांना संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळणाऱ्या भूखंडांचे प्रकरण याहून किचकट. मूळ खातेदार वारलेला असेल तर न्यायालयाचा वारस दाखला आणावा लागतो. त्याचा कायदा चक्क १८२७ चा आहे. सासरी गेलेल्या बहिणींची नावे गाळून केलेला अर्ज इथेच अडतो, आणि अडायलाच हवा.

खरी पोकळी असते ती मृत्यूच्या अलीकडे. पक्षाघाताने वडील बेशुद्ध पडले की मुलगा मुखत्यारपत्र घेऊन बँकेत जातो. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार देणारा मरण पावला किंवा त्याचे मानसिक भान गेले की साधे मुखत्यारपत्र संपते. कोमातील रुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला मग उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. बँकेतले खाते संयुक्त, ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीचे असेल तर निदान दवाखान्याचे बिल तरी भागते.

उपचारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली. प्रथम न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जाण्याची अट होती. २०२३ मध्ये ती काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. दोन साक्षीदार इथेही लागतातच. कृत्रिम श्वास वा तत्सम उपचार थांबवण्याआधी रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांची सहमती लागते. या कागदांच्या प्रती सांभाळण्यासाठी राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक नेमले आहेत. कागदाची एक प्रत मात्र घरच्यांच्या हाताशी हवी. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर तीच मागतात.