गाडीच्या एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो?

एप्रिल उजाडला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य कानावर पडतं: "गाडी जुनी आहे, गॅस संपला असेल, टॉप-अप मारून देतो." अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर सरळ लीकेज आहे.

ते शोधायला सुरुवातीला टॉर्च पुरतो. गॅससोबत कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपांचे जोड, कंडेन्सरचे (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचे) कोपरे, कॉम्प्रेसरच्या पुलीमागची बाजू नीट बघा. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत असेल तर मात्र ती अशी सापडत नाही. खर्चही तिथेच जास्त.

कित्येकदा गॅसचा दोषच नसतो. हायवेला गार आणि सिग्नलला गरम? कंडेन्सरचा फॅन फिरतोय का ते आधी पाहा. हवाच कमी येत असेल तर आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर चोंदलेला असू शकतो (काही जुन्या गाड्यांत तो मुळात नसतोच).

अंदाजाने जादा गॅस मारला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. गळती काढा, व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून) घ्या आणि कंपनीने सांगितलेलाच गॅस (बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए), दिलेल्या वजनाइतका काट्यावर मोजूनच भरायला सांगा.